महादूची कुस्ती आणि आईचा पाळणा

दादा, तुझ्या अंत्यविधीला पाळकसाहेब काय म्हणाले ते ऐकलंस का? म्हणाले, "शमुवेलभाऊंच्या तोंडून उभ्या जन्मात खोटा शब्द निघाला नाही." मी पहिल्या बाकावर वहिनीशेजारी बसले होते, तोंडाला रुमाल लावून. लोकांना वाटलं, बहीण रडतेय. रडत होतेच, पण त्यातलं निम्मं रडणं रागाचं होतं. उठावं आणि म्हणावं असं वाटत होतं, की पाळकसाहेब, जरा थांबा, एक खोटं आहे. चांगलं पस्तीस वर्षांचं आहे आणि त्याची साक्षीदार इथं बसली आहे.

उठले नाही. तू समोर कोट घालून, भांग पाडून निजला होतास. आयुष्यात तुला कधी भांग नीट पाडता आला नाही, तो त्या दिवशी कुणीतरी पाडून दिला होता. त्या भांगाकडे बघितलं आणि बसून राहिले.

पण आता बोलणार आहे. नाताळाला अठरा दिवस उरले असताना गेलास, ही काय जायची वेळ झाली? दिवाळीपासून छातीत भरून येतंय म्हणत होतास. मी तीनदा म्हणाले, दादा, दाखवून ये. "व्हय व्हय, नाताळ झाला की जातो." फौंड्रीतली रजा वाचवत होते साहेब! कशासाठी, तर नाताळच्या आठवड्यात घरी राहून दारावर चांदणी बांधायची, करंज्यांत लुडबुड करायची, आणि पंचवीस तारखेला दुपारची जेवणं झाली की सगळ्यांना दामटून खाली बसवायचं आणि ती कॅसेट लावायची.

लोक नाताळला काय काय बघतात. तुझी रूथ लहान होती तेव्हा टीव्हीवर बर्फातले सिनेमे लागायचे. लाल टोप्या, घसरगाड्या, शेकोटीपाशी बसलेली गोरीगोमटी माणसं. ती म्हणायची, पप्पा, हे बघू या की. तू म्हणायचास, "त्या बर्फात काय हाय बघण्यासारखं? नुसतं बघूनच सर्दी हुईल." आणि व्हीसीआरवरचं फडकं काढायचास. आता अख्ख्या कोल्हापुरात ते यंत्र दुरुस्त करणारा माणूस सापडत नाही. तू स्वतः त्याच्या हेडवरून कोरी नोट फिरवून, स्पिरिटचा बोळा लावून ते जिवंत ठेवलंस. आम्ही चेष्टा करायचो. तरी बसायचो, कारण आमचंही नाताळचं आवडीचं बघणं तेच होतं. एवढं मी कबूल करते. कबूल करायला काय लागतं, ते बघ.

मी आठवीत होते, तू आयटीआयला. आपल्या मिशनच्या कंपाउंडातल्या संडेस्कूलच्या नाताळच्या नाटकाचं त्या वर्षी पहिल्यांदाच शूटिंग झालं. बाबा दवाखान्यात कंपाउंडर, त्यामुळं त्यांच्या ओळखी फार. लग्नाची शूटिंग करणारा एक जण त्यांनी गाठून आणला. गव्हाणीत गवताऐवजी उसाचं पाचट, कारण डिसेंबरात आपल्याकडं दुसरं काय मिळणार? बाहुलीला पाचट टोचेल म्हणून आईनं खाली स्वतःची शाल घातली. बाहुलीला! मी देवदूत होते. पहिल्याच वाक्याला माझा एक पंख गळून पडला आणि तो हातात धरून मी सगळी शुभवार्ता सांगितली. तू पूर्वेकडून आलेला मागी, बाळाला सोनं देणारा ज्ञानी माणूस. डोक्याला लाल फेटा, दवाखान्यातल्या कापसाची दाढी आणि पायात नव्याकोऱ्या कापशीच्या कोल्हापुरी चपला. त्या इतक्या करकरत होत्या की मरियेचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही.

आणि तुम्ही मागी यायच्या आधी आईचा पाळणा होता. आई चंदगडकडची, भाताच्या खाचरात गाणी म्हणत वाढलेली. हा पाळणा तिनं स्वतः जुळवलेला. त्यातली मरिया बाळाला पेज भरवते, योसेफ पावसात चिंब भिजून येतो आणि खोपटाच्या दारात पाय धुतो. पाळकसाहेब, म्हणजे तेव्हाचे, म्हणाले होते की बेथलेहेमात असला पाऊस नसतो. आई म्हणाली, "नसूद्यात. माझ्या गाण्यात हाय." बाबा पेटी वाजवायचे आणि ती म्हणायची. त्या पाळण्याचा शब्दही कुणी कधी लिहून ठेवला नाही. तिला लिहिता येत होतं, पण आपलं गाणं लिहून ठेवण्यासारखं आहे असं तिला कधी वाटलंच नाही.

जानेवारीत कॅसेट हाती आली. बाबांनी एका रविवारपुरता व्हीसीआर भाड्यानं आणला आणि सगळं कंपाउंड आपल्या दोन खोल्यांत बसलं. बघून झाल्यावर बाबांनी सगळ्यांच्या देखत चाकूनं कॅसेटच्या पाठीवरचा छोटा प्लास्टिकचा कान मोडला. "हा मोडला की हिच्यावर दुसरं काही भरता येत नाही, जे आहे ते कायम राहतं," असं मला समजावून सांगितलं. तो तुकडा मी माझ्या कंपासपेटीत ठेवला होता, दादा. पार दहावी होईपर्यंत होता.

संध्याकाळी आम्ही सगळे उपासनेला गेलो. तुझं पोट दुखत होतं, म्हणून तू घरीच. त्याच संध्याकाळी दूरदर्शनवर महादूची कुस्ती होती. शेजारच्या तालमीतला महादू, शाळेत एका बाकावर बसलेला तुझा जिवलग, तो टीव्हीवर दिसणार म्हणून चार दिवस तुझा पाय जमिनीवर नव्हता. परत आलो तेव्हा तुझं पोट दुखायचं राहिलं होतं. सकाळी बाबांनी व्हीसीआर परत करून टाकला.

त्या पावसाळ्यात आई काविळीनं गेली. पंधरा दिवसांत सगळं संपलं.

पुढच्या नाताळला घरात करंजी झाली नाही, शेजारणीनं डबा आणून दिला. बाबा म्हणाले, व्हीसीआर आणू या रे, तुमची आई तरी दिसेल. तिघंच बसलो होतो आपण. मेंढपाळ झाले. माझा पंख पडला, कुणी हसलं नाही. मग आई पुढं आली. पदर सारखा केला, बाबांकडं बघितलं, बाबांनी सूर दिला, तिनं तोंड उघडलं आणि तिच्या जागी महादू आला. लांग कसून, शड्डू ठोकत.

अकरा मिनिटं कुस्ती चालली आणि अकरा मिनिटं आपलं भांडण. मी तुझ्या अंगावर धावून गेले होते. तू म्हणत होतास, "चुकून झालं. कान मोडायचा ऱ्हायला हुता." मी ओरडत होते, बाबांनी मोडला, माझ्यासमोर मोडला. "न्हवता मोडला." मी बाबांकडं बघितलं. ते इतका वेळ टीव्हीकडंच बघत होते. म्हणाले, "महादूनं घिस्सा डाव बरा मारला." आणि उठून चहा ठेवायला आत गेले. मागं पडद्यावर तू आलास, करकर चपला वाजवत, सोनं घेऊन. तुझा भाग तेवढा शाबूत!

तेव्हापासून हे भांडण सुरू आहे. माझ्या लग्नात, तुझ्या लग्नात, रूथ झाली तेव्हा, बाबा गेल्यावर. कुठूनही बोलणं सुरू झालं तरी मी तिथं यायचे. कान मोडला होता, दादा. "न्हवता मोडला, विमे." मी कॅसेट दाखव म्हणायचे. तू कपाटाची किल्ली कनवटीला लावायचास. कॅसेट आत घालायचास तूच, बाहेर काढायचास तूच, दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाहीस. पेन ड्राइव्हवर घेऊ म्हणून रूथनं एकदा तुला दुकानात नेलं, तर दुकानदार म्हणाला, "पावणं, मधली कुस्ती उडवून देतो, नाटक सलग हुईल." तू त्याच्या हातातून कॅसेट हिसकावून घेऊन पायी घरी आलास. पोरगी तिथंच उभी.

आणि कुस्ती पुढं पळवू द्यायचा नाहीस! त्याचा मला सगळ्यांत जास्त संताप यायचा, पोरं नव्हती तेव्हा कुस्तीभर माझंच तोंड चालू असायचं. आमच्या आईला पुसून हे काय दिसतंय ते आम्ही दरवर्षी पूर्ण बघायचं? पण पोरांना तेच आवडायचं. आपली पोरं, मग त्यांचे मित्र, सगळ्यांना महादूची कुस्ती तोंडपाठ झाली. तो घिस्सा मारायला वाकला की पोरं ताटं घेऊन तयार. समोरचा चितपट झाला की जो काही दंगा! ताटं, शिट्ट्या, एका वर्षी तर खुद्द महादू कुरुंदवाडहून पेढे घेऊन आला होता, तो स्वतःच्याच विजयावर उठून नाचला. आणि नेमक्या त्या वेळी तू आवाज वाढवायचास, टीव्हीला कान लावायचास आणि ओरडायचास, "ए, गप बसा की रं! ऐकू द्या जरा!"

आम्हाला वाटायचं, निकाल ऐकायचाय. ज्याचा निकाल गल्लीतल्या कुत्र्यालाही ठाऊक होता! मी भांडले तुझ्याशी त्यावरून. वर्षातून एक दिवस पोरं दंगा करतात आणि सणाच्या दिवशी तू त्यांच्यावर खेकसतोस, लाज वाटत नाही? एका वर्षी जेवण झाल्या झाल्या खीर न खाता घरी निघून गेले मी. दुसऱ्या दिवशी सकाळी खिरीचा डबा घेऊन दारात आलास, आणि मी तो हातात घेऊन दार लावून घेतलं. आत ये म्हणाले नाही. आता ते दार लावलेलं आठवतं आणि जेवण जात नाही, म्हणून आणखीच चीड येते तुझी.

तू गेल्यावर पंधराव्या दिवशी वहिनीनं कपाट उघडलं आणि कॅसेट माझ्या हातात दिली. "घ्या वन्सं. तुमचं भांडण हाय, तुमीच बघा." पस्तीस वर्षांत पहिल्यांदा मी ती उलटी करून पाहिली. कान मोडलेला होता, दादा. आणि मोडलेल्या जागेवर चिकटपट्टी होती. बाबा दवाखान्यातून आणायचे ती पांढरी चिकटपट्टी, आता चहाच्या रंगाची झालेली. चारी बाजूंनी कात्रीनं नीट कापलेली. ती लावली की यंत्राला वाटतं कान शाबूत आहे, हे आयटीआयवाल्याला कुणी शिकवायला नको. चुकून म्हणे! चुकून कुणी कात्री घेऊन चौकोन कापतं?

मी वहिनीसमोर तुला नको नको ते बोलले. मेलेल्या माणसाला बोलू नये म्हणतात, पण तू मेलेला माणूस नव्हतास त्या क्षणी, तू पोटदुखीचं सोंग करून घरी राहिलेला दादा होतास. वहिनी ऐकून घेत होती. मग म्हणाली, "वन्सं, मला त्या पट्टीचं काय ठावं न्हाय. पण म्हैन्यातनं एकदा तरी दार लावून कॅसेट लावायचे बगा. म्हणायचे, फिरवली न्हाय तर बुरशी धरती. मी आपली भाकऱ्या थापत ऐकायची. कुस्तीचा शेवट, परत मागं, परत कुस्तीचा शेवट. मला वाटायचं, काय बाई ह्या माणसाला त्या महादूचं येड!"

कुस्तीचा शेवटच का, हे मला कळेना. चोवीस तारखेला दुपारी आम्ही दोघीच बसलो. वहिनीनं फडकं काढलं, कॅसेट मी घातली. मेंढपाळ, माझा पंख, आईचा पदर, महादू. पोरं नव्हती, ताटं नव्हती. घिस्सा. समोरचा चितपट. मग पडद्यावर मुंग्या आल्या, खरखर झाली. चित्र यायच्या आधी आवाज आला.

"…जो रे."

आईचा. पाळण्याचं शेवटचं टोक. त्याच्यामागं पेटीचा सूर, तो थांबला. मग ती खोकली, तिची ती बारीक खोकायची सवय. आणि बाबांना हळूच विचारलं, "बरं झालं का ओ?"

मग तुझ्या चपला करकरल्या.

मी मागं घेतलं, परत लावलं. परत. किती वेळा ते विचारू नकोस. महादूची कुस्ती संपल्याबरोबर तू बटण दाबलंस आणि त्यामुळं आईचं एवढंसं शिल्लक राहिलं, तीन श्वासांचं. तू ते पहिल्यांदा कधी ऐकलंस? आई गेल्यानंतरच्या त्या पहिल्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, व्हीसीआर परत न्यायच्या आधी तू एकटा होतास खोलीत, तेव्हाच असणार. म्हणजे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं.

आता ऐक. पुसलंस त्याबद्दल मी तुला काही बोलणार नाही. एकोणीस वर्षांचा होतास. गाणं काय, आई रोज भाकरी थापताना म्हणतेच आहे, घरातच आहे, महादू परत टीव्हीवर कधी दिसणार? मीही पुसलं असतं. तेव्हा हे कबूल केलं असतंस तर चार दिवस मी बोलले नसते, पाचव्या दिवशी विसरले असते. पण उरलेलं तू एकट्यानं ठेवून घेतलंस, दादा! चिकटपट्टी कबूल करावी लागेल म्हणून आईचा आवाज कपाटात घातलास आणि किल्ली कनवटीला लावलीस. दरवर्षी आम्हाला समोर बसवायचास, ऐकवायचास, आणि कान देऊन ऐका म्हणून सांगायचं धाडस तुला झालं नाही. नुसतं गप बसा. अरे, का गप बसा ते सांगितलं असतंस तर आम्ही श्वाससुद्धा धरून बसलो असतो!

माझं जाऊ दे. मी पन्नाशीत का होईना, ऐकलं. बाबांचं काय? बाबा त्यानंतर अकरा वर्षं जगले. अकरा नाताळ. दरवर्षी महादू दिसला की उठून चहा ठेवायला आत जायचे, स्टोला पंप मारायचे, आणि चहा घेऊन बाहेर यायचे तोवर तुझं सोनं देऊन झालेलं असायचं. तिनं विचारलं होतं बाबांना. "बरं झालं का ओ?" एका भिंतीपलीकडं ते होते आणि त्यांच्यापर्यंत ते पोचलं नाही. तुला एकदा, फक्त एकदा, म्हणता आलं नाही का, की बाबा, आज चहा राहू द्या, बसा? ह्याला उत्तर आहे तुझ्याकडं? पाळकसाहेब म्हणाले तसा तू सरळमार्गी असशील, फौंड्रीत कुणाचा खिळा घरी आणला नसशील. पण हे तू केलंस.

आणि हेही सांगते, नाहीतर म्हणशील, विमे, तुला नुसतं भांडता येतं. तू ते यंत्र मरू दिलं नाहीस. दुकानदाराला कापू दिलं नाहीस, मला पुढं पळवू दिलं नाहीस. मी तुझ्या जागी असते तर त्या कुस्तीचा राग येऊन कॅसेट कधीच फेकून दिली असती, आणि तीन श्वासांची आईसुद्धा गेली असती. दर महिन्याला दार लावून तू तिच्यापाशी बसत होतास. एकटा. एवढी वर्षं. ते आठवून मला तुझी दया येते, आणि दया आली की परत राग येतो, की एकटा का, दादा, मी चार गल्ल्या पलीकडं तर राहते.

पंचवीस तारखेला सगळे जमले. तुझ्याविना नको म्हणत होते, मीच हट्ट धरला. दारावर चांदणी रूथनं बांधली, वाकडी झाली. जेवणं झाल्यावर मी टीव्हीसमोर उभी राहिले आणि सांगितलं, ह्या वर्षी महादू जिंकला तरी कुणी तोंडातून आवाज काढायचा नाही. का ते सांगितलं. चिकटपट्टीसकट सगळं सांगितलं. रूथ तुझी बाजू घेऊन तणतणली. घिस्सा झाला, ताटं मांडीवर तशीच राहिली. आई बोलली. रूथच्या चिमीनं विचारलं, "कोण बोललं?" म्हटलं, तुझी पणजी. चार वर्षांच्या पोरीनं ते लगेच मान्य केलं आणि मागं घ्या म्हणाली.

पाळकसाहेबांना मात्र मी काही सांगितलेलं नाही. त्यांचं प्रवचन चांगलं झालं होतं, राहू दे.

आता तू तिथं पोचला असशील. आई आहे, बाबा आहेत. आधी चिकटपट्टीचं सांग, घुटमळू नकोस, पोट दुखतंय म्हणू नकोस. मग बाबांना समोर बसव, चहा ठेवायला उठले तर हाताला धरून बसव. आईला पाळणा पहिल्यापासून म्हणायला लाव, ती पेज, तो पाऊस, सगळी कडवी. शेवटी ती विचारेल, बरं झालं का ओ. त्याचं उत्तर बाबांना देऊ दे. आणि तोवर, दादा, तू गप बस.